देवचाराच्या वहाणा

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही कोणी अंगात आल्याचं सांगायला लागलं की मी उठून चहा टाकायला जाते. तरी लिहितेय, कारण परवा माझा भाचा हसत म्हणाला, "मावशी, तेव्हा तू चीटिंगच केलं होतंस ना?" म्हणजे पन्नास वर्षांनीसुद्धा तेच! डोकंच फिरलं माझं.

तर ऐका. १९७१ चा मे महिना, बोरीवली पूर्व. मी एकोणीस वर्षांची, चित्रकलेच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. आमचे आबा, म्हणजे वडील, गिरणीत होते, मूळचे मालवणकडचे. चित्रं काढून मुलीचं काय भलं होणार, हे त्यांना कळायचंच नाही. शेवटी ठरलं - आमच्या भागातल्या कलास्पर्धेत नंबर आला तर कॉलेज, नाहीतर मुकाट्याने टायपिंगचा क्लास.

मी उजेड-अंधाराचा प्रयोग करायचा ठरवला. आबांचं धोतर ताणून पडदा, मागे पत्र्याच्या डब्यात दोनशेचा बल्ब, आणि मधे काडीला लावलेल्या पुठ्ठ्याच्या आकृत्या. बल्ब आकृतीजवळ नेला की सावली पडदाभर व्हायची. विषय आबांच्याच गावचा, देवचार. घोंगडी पांघरून, काठी टेकत गावाच्या शिवेवर फिरणारा राखणदार. लोक त्याच्या जागेवर नव्या वहाणा ठेवतात, आणि चालून चालून त्या वर्षभरात झिजतात म्हणे.

माझा देवचार मात्र अनवाणी होता. सावलीत वहाण दिसते कुठे? पायाखाली नुसती जाड रेघ! आबांनी आकृती बघितली आणि भडकले.

"अनवाणी कसो चलतलो गो तो? व्हाणो खंय हत त्येच्यो?"

"आबा, पुठ्ठा आहे तो! पुठ्ठ्याला काटे टोचतात का?"

स्पर्धेच्या दुपारी मात्र, शाळेच्या हॉलच्या खिडक्यांना आम्ही काळे कागद चिकटवत होतो तेव्हा, कोऱ्या करकरीत चामड्याच्या वहाणा घेऊन आबा हजर! सुतळीने बांधलेली जोडी पडद्यामागच्या कोपऱ्यात ठेवली आणि हात जोडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आबा, लोक हसतील हो..."

"तू तुझा काम कर," म्हणाले आणि पुढे जाऊन बसले.

नियम होता, पडद्यामागे एकानेच असायचं. मी एकटीच होते. डोंगर झाला, गाव झालं, मग मी देवचार उचलला. तेवढ्यात पडद्याच्या दुसऱ्या टोकाकडून एक सावली चालत आली. खरंच चालत - एकेक पाय उचलून! माझ्या आकृतीचे पाय एकाच पुठ्ठ्यात कापलेले, ते कसे हलणार? बल्ब आणि धोतर यांच्यामधे माझ्या हातातल्या पुठ्ठ्याशिवाय काहीच नव्हतं. आणि आवाज... नव्या चामड्याचा कर्र, कर्र. सावली पडदा ओलांडून गेली. मी दिवा बंद केला. बाहेर टाळ्यांचा नुसता कडकडाट.

मग परीक्षक मागे आले. भारदस्त, चष्मेवाले. "कुठे लपवलात त्या माणसाला?" मी म्हटलं, कोणी नाही हो. त्यांनी कोपऱ्यातल्या वहाणा उचलून उलट्या केल्या. तळ टाचेपर्यंत झिजलेले! "आणि या कोणाच्या?"

आबा धावत आले. "सायब, आज सकाळी घेतलंय मी त्यो! ही बघा सुतळी, गाठ तशीच असा!"

"या वयात मुलीसाठी खोटं बोलता? लाज वाटत नाही?"

माझ्या आबांना! आयुष्यात कधी कोणाची टाचणी न उचललेल्या माणसाला! आणि त्या गृहस्थाने गाठीकडे साधं बघितलंसुद्धा नाही हो. माझं नाव स्पर्धेतून काढून टाकलं. जरा वाकून बघायला काय जात होतं त्याचं?

घरच्या दारात मी म्हटलं, "आबा, उद्या टायपिंगच्या क्लासात नाव घालते."

"खबरदार! आता सोडलंस तर त्या सायबाचा खोटा खरा ठरात. कॉलेजात जा."

तर असं झालं माझं शिक्षण. पुढे तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली.

भाच्याला परवा माळ्यावरून वहाणा काढून दाखवल्या. सुतळी अजून सोडलेली नाही. तो तळ बघून म्हणाला, "मावशी, कोणीतरी जाम वापरल्यात या."

म्हटलं, आता सरळ कर आणि वरून बघ. वहाण वापरली की अंगठ्याचा, टाचेचा काळा ठसा उमटतोच ना? तिथे चामडं अजून कोरं आहे. त्यावर एकही पाय पडलेला नाही.

भाचा हसायचा थांबला. कारण मला विचारू नका, मला माहीत नाही. पण माझे आबा खोटं बोलले नव्हते.