न वाजलेली घंटा

पडदा वर जातो तेव्हा दुपारचे दोन वाजले आहेत. साल १९३६, नागपुरातलं एक कॉलेज. व्हरांड्यात पितळी घंटा, तिच्याखाली स्टुलावर शिपाई रुपराव. एवढ्यात कुऱ्हाड घेतलेला एक माणूस फाटकातून धावत आला आणि त्याने बागेत काम करणाऱ्या माळ्यावर घाव घातला.

रुपरावाने घंटेला हात लावला नाही. वहाणा काढून तो वर्गावर्गाच्या दाराशी गेला आणि दबक्या आवाजात सांगत सुटला, "आतून कडी लावा गा, बाकाखाली बसा, आवाज करू नका!" आम्ही विद्यार्थी कड्या लावून बाकांखाली बसलो. कुऱ्हाड दारांवर आपटत राहिली, पण एकही दार उघडलं नाही. शेवटी पोलिसांनी त्या हल्लेखोराला धरलं. माळीही वाचला.

आणि दुसऱ्याच दिवशी रुपरावाला नोकरीवरून काढलं! मी रंगभूमीवर खोटे शूरवीर रंगवून जन्मभर टाळ्या घेतल्या, आणि या खऱ्या माणसाच्या वाट्याला हे? आजही माझं डोकं तापतं.

"धोक्याच्या वेळी घंटा का वाजवली नाहीस?" प्रिन्सिपॉलांनी दरडावलं.

रुपरावाने पट्टा-बिल्ला टेबलावर ठेवला.

"घंटा वाजली का पोरं सुट्टी समजून बाहेर धावतात, साहेब. तुमाले इतकंबी माईत नाही काय?"