अण्णांनी चार्ज दिला

मला मद्रासला नोकरी लागली तेव्हा वडिलांनी जालन्यात सगळ्यांना सांगितलं की आमचा उमाकांत आता रेल्वेगाड्या चालवतो. वडील मिशनच्या शाळेत मास्तर, त्यामुळे खोटं बोलत नसत. फक्त जरा आधी बोलत. खरं म्हणजे मी कंट्रोल ऑफिसात बसून, कुठली गाडी कुठलं स्टेशन सोडून पुढे गेली हे कळलं की एका लांबरुंद कागदावर पेन्सिलीने रेघ ओढायचो. गाड्या चालवायचे ते माझ्या शेजारच्या खुर्चीतले कंट्रोलर अनंतकृष्णराव. म्हणजे अण्णा. कानाला फोन लावून ते स्टेशनमास्तरांना सांगायचे, हिला थांबवा, तिला सोडा. आणि गाड्या ऐकायच्या.

अण्णांच्या आजोबांनी तंजावरला बाप्तिस्मा घेतला होता. देव बदलला, नावं, भाषा आणि रसमातलं हिंग तेवढं तसंच राहिलं. त्यांचं मराठी शेकडो वर्षांपूर्वी तंजावरला उतरलं आणि तमिळच्या शेजारात मुरलं. पहिल्या दिवशी मला ते अर्धंच कळलं. त्यांना माझं पूर्ण कळलं, पण पसंत पडलं नाही. "तुमच्या तिकडलं मराठी फार घाई करतें रे," असं म्हणून त्यांनी पेरांबूरच्या घरातली माडीवरची खोली मला राहायला दिली.

घाईबद्दल अण्णांनी बोलावं! पेरांबूरला दिवसभर गाड्यांच्या शिट्ट्या. भाताचा घास हातात धरून अण्णा एकदम बोट वर करायचे. "मेल. उशीर झाला अहे." मग घास तसाच. आता मागची मालगाडी अडकणार, पुढची पॅसेंजर रखडणार, असं सगळं त्यांच्या कपाळावर दिसायचं. मला तर पुढची रेघसुद्धा दिसायची. अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी कनकाबाई, ताट झाकून ठेवायच्या.

ऑफिसात चार्ज देण्याची एक रीत असते. पाळी संपली की जाणारा कंट्रोलर येणाऱ्याला एकेक गाडी कुठे उभी आहे ते सांगतो, येणारा ते पुन्हा म्हणून दाखवतो, मग जाणारा कानाचा फोन काढून त्याच्या हातात देतो आणि खुर्चीवरून उठतो. त्यानंतर गाड्या जाणाऱ्याच्या नाहीत. अण्णा सगळं सांगायचे, फोनही द्यायचे, उठायचेही. फक्त जायचे नाहीत. खुर्चीच्या मागे उभे राहायचे.

संध्याकाळच्या कुटुंबप्रार्थनेतही तसंच. आम्ही चटईवर बसायचो आणि अण्णा देवाला सगळी स्थिती सांगायचे: तिरुचीला दिलेली मुलगी तुळसी, तिचं बाळंतपण, मागच्या खोलीचं गळणारं छप्पर, आणि अर्थात मालगाड्या. नुसतं मागायचे नाहीत. कसं करावं तेही सांगायचे. "देवा, त्या तिरुचीच्या डॉक्टरणीला अगोदर बोलीव, मग जावयाला." आमेन झालं की उठून पुन्हा येरझाऱ्या सुरू.

मग एक दिवस ते ऑफिसच्या जिन्यावर छाती धरून खाली बसले. डॉक्टरांनी अक्कांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "रक्तदाब फार आहे. औषध देतो, पण या माणसाला विश्रांती मिळाली नाही तर पुढचा झटका झेपायचा नाही."

अण्णांना सक्तीची रजा मिळाली. अक्का माझ्याकडे आल्या. मला त्या तंबी म्हणायच्या, म्हणजे धाकटा भाऊ. "तंबी, तूं मिशनच्या शाळेंत शिकलास. त्यांना चार शब्द सांग की. घरांत बसतात, पण विसावत नाहींत."

माझी छाती फुगली. शाळेत वचनं पाठ म्हणण्याचं पहिलं बक्षीस माझं होतं. शांतीवरची तर मला ओळीने यायची. मी अण्णांपुढे बसलो आणि बोललो. आपली चिंता प्रभूवर टाकावी, तो आपली काळजी घेतो, वगैरे. फार चांगलं बोललो. मधे फक्त दोनदा उठून माडीवरच्या खोलीला कुलूप लावलंय का ते बघून आलो.

अण्णा शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बरें बोललास. होतें का कुलूप?"

"होतं."

"सेरि, ठीक अहे. अत्तां सांग, आज मेल कितीं वाजतां आली?"

आणि मी सांगितलं! नुसती मेल नाही, सगळ्या गाड्या सांगितल्या. रोज संध्याकाळी सांगू लागलो. कारण मद्राससारख्या शहरात इतकं मन लावून माझं ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं. अक्कांनी पहारेकरी म्हणून नेमलेला माणूस चोराला किल्ल्या पोचवत होता.

व्हायचं तेच झालं. एका दुपारी अण्णा छत्री घेऊन ऑफिसात हजर. "जॉर्ज टाउनला कांहीं काम होतें, वाटेंत आलों." जॉर्ज टाउन त्या वाटेवर नाही. त्यांच्या जागी राजगोपाल नावाचा कंट्रोलर बसला होता, वयाने लहान, स्वभावाने गरीब. त्याने एक पॅसेंजर मागच्या स्टेशनात थांबवली होती, मालगाडी आधी पुढे काढावी म्हणून. अण्णांना ते बघवेना. राजगोपाल पाणी प्यायला वळला, तेवढ्यात ते खुर्चीवरून वाकले आणि बोलायच्या नळकांड्यात म्हणाले, मालगाडी बाजूला घ्या.

पुढचा स्टेशनमास्तर अण्णांचा आवाज वीस वर्षं ओळखत होता. त्याने लगेच बाजूला घेतली. मागच्या मास्तरला हे कोणी सांगितलंच नाही. मग मालगाडी पॅसेंजरची वाट पाहत उभी, आणि पॅसेंजर मालगाडीची. माझ्या कागदावर दोन्ही रेघा सरळ आडव्या चालल्या होत्या, म्हणजे दोन्ही गाड्या जागच्या हलत नव्हत्या. मी त्या मोठ्या सुबकपणे ओढत होतो. काही चुकतंय हे माझ्या लक्षात आलं नाही. रेघ सरळ येतेय याचाच मला आनंद.

राजगोपालने शोध घेतला तेव्हा कळलं. तो ओरडला नाही. कानाचा फोन काढून त्याने दोन्ही हातांनी अण्णांपुढे धरला.

"सार, तुम्ही बसा, मी जातो. नाहीतर मी बसतो, तुम्ही जा. दोघं एका लायनीवर बोललो तर गाडी उभी राहते."

अण्णांनी फोन घेतला नाही. छत्री उचलून ते निघाले. माझी पाळी संपतच आली होती, मीही त्यांच्यामागे बसमध्ये चढलो. शिट्टी वाजली तरी बोट वर गेलं नाही. मला भीती वाटली. त्यांची काळजी होतीच, पण अक्कांना काय सांगायचं याची जास्त.

संध्याकाळी प्रार्थनेला बसलो. अण्णांनी सुरुवात केली. तुळसी, बाळंतपण, छप्पर. "आणि त्या डॉक्टरणीला..." इथे ते थांबले. मी एक डोळा उघडला. अण्णांचा हात कानापाशी गेला होता, फोन काढावा तसा.

"प्रभू," ते अगदी हळू म्हणाले, "इतके दिवस मीं तुला ओझें दाखविलें, आणि परत उचलून नेलें. तूं बसलास अहेस, हें मी पाहिलेंच नाहीं. हें सगळें अत्तां तुझ्याकडे. मी उठतों."

आणि ते उठले. भिंतीकडच्या बाकावर आडवे झाले, डोळे मिटले आणि हललेच नाहीत.

"तंबी!" अक्का किंचाळल्या. मी धावलो, त्यांच्या नाकापुढे हात धरला. श्वास लागतोय की नाही, ते मला ठरवता येईना. तेवढ्यात अण्णांनी खुलासा केला. घोरू लागले. अक्का तिथेच जमिनीवर बसल्या. पदरात तोंड घालून हसत होत्या की रडत होत्या, ते मी विचारलं नाही.

त्या दिवसापासून अण्णा संत झाले असं नाही. शिट्टी ऐकून बोट अजून कधीकधी वर जातं. पण मग ते स्वतःशीच हसतात, हात कानापाशी नेतात आणि घास तोंडात घालतात. तुळसीला मुलगी झाली. डॉक्टरीण जावयानंतर पोचली आणि तरी सगळं ठीक झालं, याचं अण्णांना फार कौतुक वाटलं. रक्तदाब उतरला. कामावर परत आल्यापासून ते चार्ज देतात आणि छत्री घेऊन सरळ जिना उतरतात. आता पुढच्या पाळीला बसणाऱ्या राजगोपालला पहिले काही दिवस इतकं चुकल्यासारखं झालं की तो मागे वळून बघायचा.

एकच तक्रार आली, ती चर्चच्या पाळकसाहेबांची. अण्णा आता प्रवचनात झोपतात. पाळकसाहेबांनी मला त्यांच्या शेजारी बसवून, घोरू लागले की कोपर मारायचं काम दिलं. मी इतका दक्ष असतो की प्रवचन कशावर होतं ते मला सांगता येत नाही. मागच्या रविवारी विषय विसावा होता, असं अक्का म्हणाल्या.

त्याच दुपारी मी माडीवर एकटा गुडघे टेकून बसलो. अण्णांसारखं सगळं सांगितलं: कंट्रोलर व्हायची परीक्षा, बढती, वडिलांनी गावात सांगून ठेवलेलं. "हे आता तुझ्याकडे," म्हटलं आणि उठलो. दारापर्यंत गेलो. मग वाटलं, बढतीबद्दल एक तपशील राहिला. परत फिरलो, आणि माझं मलाच हसू आलं.

तपशील तसाच ठेवून मी जिन्यावर येऊन बसलो. खाली अण्णा घोरत होते. यार्डाकडून एक शिट्टी आली, लांब, ओळखीची. कुठली गाडी होती, ते बघायला मी घड्याळ काढलं नाही.