खुशालभाऊचं ताट

पवनीत भांडे धुवाची मशीन ठेवणारं दुकान माझं एकट्याचंच. गिऱ्हाईक येते, फ्रीज पाहते, कूलर पाहते, अन् या मशीनसमोर आलं का दात काढते. "गोपीचंदभाऊ, मंग बायको कायले केली?" असं विचारणारे हुशार लोकही येतेत. त्यायले मी पायरीवरूनच वापस लावतो. माझी बायको म्हणते, तुमचं दुकान एक दिवस तुमच्या तोंडापायी बुडन. बुडू दे, म्हणतो मी. बेअक्कल माणसाले माल विकण्यापेक्षा बुडालेलं बरं.

म्हणून त्या दिवशी कोंढ्याची सत्यभामाबाई मशीनच्या आत डोकं घालून उभी दिसली, तेव्हा मी पहिले चष्मा पुसला. सोबत पोरगा वीरेंद्र अन् सून दामिनी. बाईच्या दोन्ही हाताले पट्ट्या. बोटाच्या पेरापेरात भेगा पडून रक्त येत होतं, अन् डॉक्टरनं साबण-पाण्याले हात लावाची सक्त मनाई केली होती. दामिनी सकाळीच शाळेत शिकवाले जाते. गावात भांडे घासाले बाई भेटत नाही. मंग पोरानं ठरवलं, मशीन घ्याची.

ऐकाले साधी गोष्ट वाटते. पण सत्यभामाबाई काय चीज होती, ते तुमाले माहीत नाही. बपेऱ्याची पोरगी ती, तिथून मध्य प्रदेश हाकेवर, म्हणून रागात आली का हिंदीत सुरू होये. लग्न होऊन कोंढ्याले आली अन् पहिल्याच धानाच्या रोवण्यात सासूले म्हणाली, बाया मी सांगते तश्या आणा, नाही तं बांधीतल्या चिखलात तुम्ही उतरा. भांडे तं असे घासे का त्यात तोंड पाहून भांग पाडावा. सुनेनं घासलेला भाताचा गंज ती गुपचूप पुन्हा घासे. मी तिले वहिनी म्हणो, कारण तिचा नवरा खुशालभाऊ माझा लंगोटीयार. धान विकाले पवनीले आला का माझ्या दुकानात बसे, अन् मी कोंढ्याकडं गेलो का त्याच्या घरून जेवल्याबिगर उठत नव्हतो.

सात वर्षांमागं पूर चढत होता म्हणून खुशालभाऊ नदीवरची मोटर काढाले गेला, तो आलाच नाही. मोटर भेटली, चप्पल भेटली, माणूस नाही. डोंगेवाल्यांनी हप्ताभर नदी चाळली. मी स्वतः काठाकाठानं फिरलो. काहीच नाही, बापा, काहीच नाही.

वहिनीनं ना कुंकू पुसलं, ना बांगड्या फोडल्या. सैपाकघरात खुशालभाऊची बसाची जागा ठरलेली होती. तिथं रात्री पाट टाकून त्याचं काशाचं ताट वाढलं अन् मागचं दार नुसतं लोटून ठेवलं. सकाळी ताट खरकटं. म्हणे, "आले होते. जेवून गेले. डोक्याले मार लागला असन, लोकाइले तोंड दाखवाची लाज वाटत असन." दुसऱ्या दिवशीही तेच. मंग रोजच. गावात सगळे म्हणत, मांजर आहे. तिच्या तोंडावर म्हणाची कोणाची हिंमत नव्हती.

आमच्याकडं ज्याची माती भेटत नाही, त्याचा पळसाच्या पानांचा माणूस करतेत अन् त्याले अग्नी देतेत. मंग पिंड, तेरवी, सगळं रीतसर. ते केल्याबिगर जीव ना इकडचा ना तिकडचा, असं मानतेत. वीरेंद्र दरसाल पितृपक्षात आईच्या मागं लागे, अन् दरसाल भांडण होये. शेवटी तिनं पोराले शब्द देल्ला. "ज्या दिवशी ताट भरलेलं राहीन, त्या दिवशी बोलाव भटजीले. तोवर माझा नवरा जिता आहे." ताट कधी भरलेलं राह्यलंच नाही.

तं ही बाई माझ्या दुकानात. मी माझे नेहमीचे प्रश्न विचारले. घरी जेवणारे किती, पाणी बोरचं का नळाचं, कढई-गंज किती मोठे. बोरचं पाणी जड राहते, मशीनमध्ये मीठ टाका लागते, ते समजावलं. दामिनी बरोबर ऐकत होती. वहिनीचा एकच प्रश्न. "काशाचं ताट चालते का?"

"नाही चालत. कासं, पितळ, कल्हई काहीच नाही. काळं पडते."

"ह्या दुसऱ्या कंपनीच्या मशीनीत?"

"त्यातही नाही."

"अन् ते तिकडची मोठी?"

चार मशीनी उघडाले लावल्या तिनं मले. पुस्तक वाचून दाखवा म्हणाली. मंग मात्र माझं टाळकं फिरलं. "वहिनी, घरभर स्टीलचे भांडे अन् तुमी एका ताटासाठी अडून बसल्या! ते एक सूनबाई हातानं विसळन ना!" तिनं पोराकडं पाह्यलं, माझ्याकडं पाह्यलं, अन् म्हणाली, "द्या मंग कोणतीही." खालच्या जाळीत गंज बसन अशी मधली मशीन मी निवडून देल्ली. चांगली निवडली होती, आजही सांगतो.

बसवाले मी स्वतः गेलो. सैपाकघरात नळ अन् मोरी एकाच कोपऱ्यात, त्याच्या बाजूलेच खुशालभाऊचा पाट. मी पाट सरकवाले गेलो तं वहिनी कडाडली, "हाथ मत लगाना! तिथं ते बसतेत!" बसत होते नाही, बसतेत. मी मुकाट्यानं मशीन चिपकवून चिपकवून बसवली. पाट अन् मशीनचं दार, मधात इतभर जागा.

दामिनी चहा कराले वळली तशी वहिनी जवळ आली अन् हळूच म्हणाली, "गोपीभाऊ, वाढलेलं ताट तसंच आत ठेवलं तं?"

"वरण-भातासकट?" मी ओरडलोच. "जाळी चोंदन! मशीन आहे का उकिरडा?"

तिच्या डोळ्यातून टचकन पाणी आलं. त्या बाईले मी पुरातही रडताना पाह्यलं नव्हतं. ती मले मागच्या अंगणात घेऊन गेली.

"मीच खाते," ती म्हणाली. "रोज. सगळे झोपले का उठते अन् त्यायचं ताट खाते. पोटात मावत नाही, तरी खाते. नाही खाल्लं तं हा पोरगा माझं कुंकू पुसन."

"मंग आता काय झालं?" मी विचारलं.

"डोळ्याचं आपरेशन तीनदा टाळलं. आता डॉक्टर म्हणते डोळा जाईन. भंडाऱ्याले एक रात्र राहा लागते. माझ्या मागं ताट भरलेलं राहीन, गोपीभाऊ. मी म्हटलं मशीन असली का सुनेले सांगता येईन, रात्रीच आत टाक अन् चालू कर. सकाळी ताट साफ. कोणी खाल्लं, नाही खाल्लं, कोणाले समजते?"

म्हणून तिले काशाचं ताट चालणारी मशीन पाह्यजे होती! मले माझ्या ओरडण्याची शरम वाटली, अन् तिचा रागही आला. "वहिनी, बस झालं आता. खुशालभाऊ गेला."

"तुमी पाह्यलं?" तिनं विचारलं.

मी नव्हतं पाह्यलं. कोणीच नव्हतं पाह्यलं. मी कोणाले सांगणार नाही असं कबूल केलं अन् चहा न पिताच निघालो.

पंधरवड्यानं वीरेंद्र आईले घेऊन भंडाऱ्याले गेला. निघाल्यावर पहिले पवनीले माझ्या दुकानाशी थांबला. वहिनी गाडीतच बसून होती, माझ्याकडं पाह्यलंही नाही. वीरेंद्र हळू आवाजात म्हणाला, "काका, दामिनीले सांगून ठेवलं. ताट रोजच्यासारखं वाढ, अन् हात लावू नको. आज एकच रात्र. उद्या आईले दाखवतो भरलेलं ताट." पोरगा मूर्ख नव्हता. त्याले सगळं ठाऊक होतं, फक्त आईले खोटी पाडाची हिंमत होत नव्हती.

सकाळी दुकानाचं शटर वर करत होतो तं दामिनीचा फोन. "काका, तुमची मशीन गळते. बाबाइच्या ताटात पाणी आलं."

माझी मशीन गळते? मी बसवलेली? दुकान तसंच टाकलं अन् गाडीले किक मारली. रस्ताभर मनात म्हणत होतो, पाइप हलवला असन, दार नीट लावलं नसन, अन् नाव माझं खराब.

जाऊन पाह्यलं. मशीनचं दार कोरडं. रबर कोरडं. खालची फरशी कोरडी ठणठणीत. मशीनले पाणी येते तो नळ बंद.

"चालवली कधी?"

"चालवलीच नाही, काका. मी एकटी, दोन भांडे. भरली नाही तं कायले चालवू?"

न चालवलेली मशीन गळते कशी? मंग मी वाकून ताट पाह्यलं.

ताटात बोटभर पाणी. पिवळं, हळदीचं. तळाशी भाताचे शितं. काठाले दोन मिरच्यांचे देठ. भाजी नाही, भात नाही, पोळी नाही.

"जेवण तं मांजर रोजच खाते," दामिनी म्हणाली. "मले पाण्याचंच नवल वाटलं."

मांजर मिरची खात नाही, हे मले सुचलं. अन् ते पाणी मी ओळखलं होतं. त्या पाटाच्या बाजूच्या पाटावर बसून मी किती वेळा जेवलो असन! खुशालभाऊचं जेवण झालं का तो लोट्यातलं पाणी घे, ताटातच हात धुवे, अन् वहिनी चुलीपासून त्याच्या नावानं शंख करे. उभ्या जन्मात त्यानं मोरीवर जाऊन हात धुतला नाही. दामिनी त्या घरात आली ती तो गेल्यावर तीन वर्षांनी. तिले हे कोण सांगन? वीरेंद्र बापाचं नाव काढे ते फक्त पिंडासाठी, अन् वहिनीनं काढलं तं ते फक्त चांगलं.

"पोरी," मी विचारलं, "मागचं दार?"

"एकटी होती ना मी. भेव वाटलं, म्हणून आतून कडी लावली. सकाळी मीच काढली."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. दिवसाढवळ्या, खिडकीतून ऊन येऊन राह्यलं, बाहेर कोंबड्या फिरून राह्यल्या, अन् मी पाटापासून दोन पावलं मागं सरलो. दामिनी शांत होती. तिच्यासाठी ते नुसतं पाणी होतं. मी म्हटलं, वहिनी यायच्या आत हे मोरीत ओतून टाकू, वाफेचं पाणी होतं म्हणून सांगू. मी ताट दोन्ही हातानं उचललं. तेवढ्यात अंगणात गाडी थांबली.

वहिनी आली. एका डोळ्यावर पट्टी, वीरेंद्रच्या खांद्यावर हात. तिची नजर सीधी पाटाकडं, मंग माझ्या हाताकडं. ताट रिकामं दिसलं अन् ती मधातच थांबली. वीरेंद्रचं तोंड उतरलं. "दामिनी, तू वाढलं नव्हतं काय?"

"पूर्ण जेवण वाढलं होतं, जी."

वहिनी जवळ आली. एका डोळ्यानं पाण्यात पाह्यलं अन् एकदम तिच्या तोंडून निघालं, "लाख वेळा सांगतलं, अन्नात हात धुवू..." अन् वाक्य तिथंच राह्यलं.

मंग ती हसली. कसं सांगू तुमाले, नवरीसारखी हसली. वीरेंद्रचा हात धरून म्हणाली, "पाह्य! मी म्हणत नव्हती? आले का नाही? मी घरी नव्हती तरी आले का नाही? दार लोटलेलं होतं म्हणून आले!"

"नाही, आई," दामिनी म्हणाली. बिचारी, तिले काय माहीत. "मी कडी लावली होती. रात्रभर कडी होती."

वहिनीचं हसू तोंडावरच राह्यलं. तिनं मागच्या दाराकडं पाह्यलं. लोखंडाची जाड कडी. ती दाराजवळ गेली, पट्टी बांधलेल्या हातानं कडी लावली, काढली, पुन्हा लावली. जित्या माणसाले दार वाजवा लागते. मी ताट तसंच धरून उभा.

ती वळली अन् माझ्याकडं पाह्यलं. त्या एका डोळ्यात मी जे पाह्यलं, ते मले दुश्मनालेही दाखवाचं नाही. तिले समजलं होतं. माझ्या ध्यानात यायच्या आधी तिले समजलं होतं.

"गोपीभाऊ," ती म्हणाली, "ते रोजच येत असन."

मी ताट पाटावर ठेवलं.

"रोज येत असन, अन् ताट रिकामं. एक शीत नाही ठेवत होती मी. पुसून खात होती." ती खुशालभाऊच्या पाटासमोर मटकन खाली बसली. वीरेंद्र धावला, "आई, काय बोलून राह्यली तू?" तिनं त्याले हातानं दूर केलं. कपाळावरचं कुंकू तिनं स्वतःच, पट्टीच्या हातानं, पुसून टाकलं.

"भटजीले बोलाव, वीरू. आजच बोलाव," ती म्हणाली. "सात वर्षं झाली, तुझा बाप उपाशी आहे."