बसून चढलेलं दीपगृह

आईने अट घातली तेव्हा मी मनातल्या मनात हसले. वय सत्तरीपुढचं, दोन्ही गुडघे गेलेले, आणि म्हणे किल्ल्याजवळचं दीपगृह चढून दाखवते. चढले तर आपल्या गिरीज गावच्या वाडीत एकटी राहीन, नाही जमलं तर मुकाट्याने तुझ्या आचोळ्याच्या फ्लॅटवर येईन. वडील गेल्यापासून माझ्याकडे राहायला चल, हेच टुमणं मी तिच्यामागे लावलं होतं. लगेच हो म्हटलं. तिच्यासाठी पलंगसुद्धा घेऊन ठेवला.

त्या दीपगृहाचा उजेड तिने वाडीतून जन्मभर पाहिला, पण तिथे जायला कधी सवड झाली नव्हती. रविवारी रिक्षाने गेलो. दारावरच्या माणसाने तिची चाल बघितली आणि आजी, खालूनच बघा, म्हणाला. आईने चपला काढून माझ्या हातात दिल्या.

पंधराएक पायऱ्या कठडा धरून चढली आणि थांबली. चेहरा पांढराफटक. संपलं एकदाचं, असं वाटलं मला, आणि खरं सांगते, बरं वाटलं. तेवढ्यात बाई पायरीवर बसली. पदर खोचला, दोन्ही तळहात मागच्या पायरीवर टेकले आणि अंग उचलून वर सरकली. पालेभाजीचे वाफे खुरपताना ती अशीच बसल्या बसल्या सरकते, दिवस दिवस. मागून कॉलेजची पोरं येत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई, ऊठ ना, लोक बघतायत, असं दातओठ खात म्हणाले.

"बघू देत. उभ्याने चढायचं कुठे ठरलं होतं?"

सरकत सरकत पोचली. वर वाऱ्याने पदर आवरेना. लांबवर नुसती माडांची हिरवी गर्दी. मला त्यात आमची वाडी काही सापडली नाही. तिने बोट करून दाखवली आणि रडली. मीही रडले. हिला तिथून उपटायला निघाले होते मी.

उतरायची वेळ आली. तिने हात पुढे केला.

"चढायचं ठरलं होतं गं. उतरताना धर मला."

मी तिच्या खालच्या पायरीवर बसले, तिचे पाय माझ्या खांद्याशी. पोरं बघत होती, बघू देत. दोघी तशाच एकेक पायरी खाली सरकत आलो.

पलंग पुढच्याच आठवड्यात टेम्पोत घालून गिरीजला नेला. शनिवार-रविवार त्यावर मी झोपते.