छातीतलं उखळ

साठ सालच्या आसपासची गोष्ट सांगते. आम्ही मारेगावकडच्या एका खेड्यात राहत होतो. लेकरू नुकतंच मान सावरायला लागलं होतं. एक दिवस न्हाऊ घालताना पाहते तर काय, छातीच्या मधोमध खड्डा! श्वास घेतला की आणखी आत जायचा. मी सासूबाईंना हाक मारली. सासूबाईंनी पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "पोटुशी असताना उखळाले पाय लावला असशीन! म्हणून पोराच्या छातीत उखळ निंगालं." आमच्याकडे उखळाला पाय लावत नाहीत. मी तर लावलाही नव्हता, पण माझं कोण ऐकणार?

दुसऱ्या दिवशी भगत आला. अंगणात गोवऱ्या पेटवल्या, त्यात विळा तापायला ठेवला. डागलं की खड्डा भरतो म्हणे. मी लेकरू उराशी धरून मनातल्या मनात केळापूरच्या देवीला हाका मारत होते, "माय, तू तरी धाव."

तेवढ्यात दारात एक बंजारा गाडीवान उभा राहिला. "माय, पाणी देता का?" सासूबाई लोटा घेऊन गेल्या. त्याने लाल विळा पाहिला, उघडं लेकरू पाहिलं, आणि अंगातली बंडी काढली. अगं बाई! त्याच्या छातीतही तोच खड्डा, आणि भोवती जुने काळे डाग.

"मलेबी डागलं होतं, माय. खड्डा भरला का? तो तसाच हाय. वरून हे डाग फुकटचे."

"आन दम नाही लागत तुले?" सासूबाईंनी विचारलं.

"कापसाच्या गाड्या भरून राह्यलो. दम तं माह्या बैलायले लागते!"

सासूबाईंनी त्याच्यासाठी आणलेलं पाणी विळ्यावर ओतलं. चर्रकन आवाज झाला. मग त्याच्यासाठी दुसरा लोटा भरून आणला.

पुढे यवतमाळच्या डॉक्टरांनी समजावलं. बरगड्यांना जोडणारी कुर्चा वेडीवाकडी वाढली की मधलं हाड आत दबतं. त्यात आईचा दोष नसतो. श्वासाला त्रास झाला तरच मोठेपणी ऑपरेशन. माझ्या लेकाला त्याची गरज पडली नाही.

तो गाडीवान पुन्हा कधी दिसला नाही. कोण होता, मी विचारत बसले नाही. खड्डा भरून दे असं मी देवीला मागत होते. तिने लेकरू होतं तसंच ठेवलं, विळा तेवढा विझवला. त्यानंतर न्हाऊ घालताना त्या खड्ड्यात पाणी साचायचं. ते मी बोटाने टिपून तीर्थासारखं डोळ्यांना लावायची.