मास्तरांच्या अंगणातली दोरी

मास्तर शाळेत शिकवायला एक दिवसही गेले नव्हते. तरी सगळा किनारा त्यांना मास्तरच म्हणायचा, कारण बंदरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते हौशी माणसांना समुद्राखाली जायला शिकवायचे. पाठीवर हवेचं सिलिंडर, डोळ्यांवर मास्क, पायांत फिन आणि तोंडात श्वासाची नळी. शेडमध्ये कायम ओल्या रबराचा वास. एका भिंतीवर सूट वाळत टांगलेले, कोपऱ्यात गोड्या पाण्याची टाकी. समुद्रातून आलेली वस्तू त्या टाकीत बुचकळल्याशिवाय कुणी जागेवर ठेवली की मास्तरांचा पारा चढायचा. मग तो डॉक्टर असो की वकील, सगळ्यांची सारखीच हजेरी घेतली जायची.

या धंद्यात एक वाद आहे, आणि तो मिटायचं नाव घेत नाही. पहिला कोर्स केला की एक कार्ड मिळतं, दुसरा केला की जरा खोल जायचं दुसरं. त्यापुढे प्रत्येक अवघड बुडीचं वेगळं कार्ड. रात्रीच्या बुडीचं, फार खोल बुडीचं, बुडालेल्या जहाजात शिरायचं. एवढी कार्डं खरंच लागतात का? कायदा विचारत नाही. समुद्राच्या दारात तिकीट तपासायला कुणी बसलेलं नसतं. बोटवाला विचारतो, आणि न विचारणारा बोटवालाही शोधला की सापडतो. मास्तर स्वतः यातल्या निम्म्या कार्डांना हसायचे. मासे ओळखायचं कार्ड निघालं तेव्हा तर त्यांना ठसकाच लागला. "काच धुरकट होऊ नये म्हणून आपण मास्कात थुंकतो ना? उद्या त्याचंही कार्ड काढतील, बघा," म्हणाले.

पण जहाजाच्या पोटात शिरायची गोष्ट निघाली की त्यांचं हसू मावळायचं. उघड्या पाण्यात माणूस घाबरला तर निदान वर तरी येऊ शकतो. डोक्यावर छप्पर असलं की आधी दार शोधावं लागतं. आतला गाळ एवढा बारीक असतो की फिनचा एक फटका चुकला तर पाण्यात दूध ओतल्यासारखं होतं, स्वतःचा हात दिसत नाही. म्हणून आत जाताना दाराबाहेर दोरीचं टोक बांधायचं, रीळ सोडत जायचं, आणि दिसेनासं झालं की तीच दोरी चाचपत बाहेर यायचं. याची शिकवणी मास्तर आधी जमिनीवर घ्यायचे. घराच्या मागच्या अंगणात नळ, खांब, जिन्याचा कठडा अशी दोरी ताणायची, शिकणाऱ्याचे डोळे फडक्यानं बांधायचे आणि त्याला गुडघ्यांवर रांगायला लावायचं. मध्येच मास्तर त्याच्या हातातली दोरी गुपचूप सोडवून बाजूला करायचे, ती त्यानं चाचपून पुन्हा शोधायची. मोठमोठी माणसं अंगणात आंधळी कोशिंबीर खेळताना बघून शेजारपाजारचे पोट धरून हसत.

मास्तरांना एक धाकटा भाऊ होता. आईबाप लवकर गेले, त्यामुळे भाऊ कसला, पोटच्या पोरासारखाच वाढवलेला. स्वतःच्या लग्नाचं राहून गेलं, पण धाकट्याचं हौसेनं लावून दिलं, घराचा वरचा मजला त्याला दिला, स्वतः खाली राहिले. पाण्यात तर धाकटा मासाच होता. मास्तरांना जे वर्षभर घोकून आलं ते त्याला आठवड्यात यायचं. खोल बुडीचं कार्डही त्यानं हसत खेळत काढलं होतं. मास्तर समोर कधी कौतुक करायचे नाहीत. पाठीमागे मात्र दुसरा विषय नसायचा.

त्या किनाऱ्यापासून थोडं आत समुद्रात एक मालवाहू जहाज बुडालेलं होतं. धाकट्यानं ते बाहेरून कितीदा तरी पाहिलं होतं. त्या वर्षी त्याचा एक मित्र आला आणि दोघांनी आत शिरायचं ठरवलं.

"दादा, तू ने आम्हाला," धाकटा म्हणाला.

"आत नाही. चार दिवस मला दे, दोरीचं शीक, मग मीच नेतो."

"अरे, गेल्या वर्षात तुझ्यापेक्षा जास्त बुड्या मारल्यात मी! आणि पाणी काय कार्ड बघून आत घेतं?"

"आत घेताना नाही बघत. बाहेर सोडताना बघतं."

"तुझं दुकान चालावं म्हणून हे सगळं," धाकटा म्हणाला. गमतीनंच म्हणाला, पण मास्तरांना ते लागलं. तरी रविवारी सकाळी त्यांनी अंगणात दोरी बांधली आणि पायरीवर वाट बघत बसले. ऊन चढलं, शेजारणीचे कपडे वाळले, धाकटा काही खाली उतरला नाही. वर जाऊन हाक मारायला मास्तरांचं काय जात होतं? पण मोठा भाऊ ना! मोठेपणा आडवा आला. त्यांनी दोरी गुंडाळली आणि शेडवर निघून गेले. पुढचे दिवस दोघं एकाच घरात एकमेकांना टाळत राहिले. आणि त्याच आठवड्यात धाकटा कार्ड न विचारणाऱ्या एका बोटीवरून गेला.

मित्र दाराजवळ होता, तो वाचला. गाळ उठला आणि धाकटा दिसेनासा झाला, एवढंच त्याला सांगता आलं. धाकट्याला आणायला मास्तर स्वतः खाली गेले. दुसऱ्या कुणाला जाऊ देईनात. तोवर गाळ बसला होता आणि पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. आत त्यांनी काय पाहिलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही.

 तेराव्या दिवशी भावजय जिन्यात उभी राहून एकदाच म्हणाली, "तुम्ही नेलं असतंत तर ते परत आले असते, भाऊजी. एका प्लास्टिकच्या तुकड्यासाठी तुम्ही त्यांना एकटं सोडलंत."  रोज रात्री मास्तर स्वतःला हेच तर विचारत होते.

त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, पंधरा-सोळा वर्षं. तोडलं मात्र काहीच नाही. वेळच्या वेळी जेवणाचं ताट खाली यायचं. मास्तर आजारी पडले तेव्हा काढाही आला. पण सगळं तिच्या लहानग्या मुलीच्या हातून, मुलीच्या तोंडून. "काकांना सांग, नळाला पाणी आलंय." काका समोरच उभे, तरी "काकांना सांग." मध्ये उभी राहून निरोप पोचवता पोचवता ती पुतणी लहानाची मोठी झाली.

आणि एक दिवस शेडच्या दारात येऊन उभी राहिली. नोकरीच्या गावी तिनं दोन्ही कार्डं काढली होती, घरात कुणाला पत्ता नाही.

"काका, मला बाबांच्या जहाजात जायचंय. आत."

मास्तरांनी हातातलं सिलिंडर खाली ठेवलं. "कशाला?"

"ते होते ती जागा बघायची आहे. तुम्ही नेणार, की मी दुसऱ्या बोटीनं जाऊ?"

अगदी बापाचाच सूर! मास्तर स्टुलावर बसले. नाही म्हणावं तर ही दुसऱ्या बोटीनं जाणार, ते एकदा भोगून झालं होतं. हो म्हणावं आणि आत काही झालं, तर वर भावजयीला तोंड कसं दाखवायचं? तिच्याजवळ आता ही एवढीच उरलेली. 

"नेईन," शेवटी म्हणाले. "पण एकही धडा गाळायचा नाही. मी नापास म्हटलं तर नापास. आणि आईला तू सांगायचंस."

पोरगी हो म्हणाली. आईला सांगायचं तेवढं तिनं टाळलं. तिला वाटलं, रविवारी आई बाजारात जाते, तेवढ्यात अंगणातला धडा उरकू.

भावजय पिशवी घेऊन परत आली तेव्हा मागच्या अंगणात नळापासून खांबापर्यंत आणि खांबापासून कठड्यापर्यंत दोरी ताणलेली होती. डोळे बांधलेली तिची मुलगी गुडघ्यांवर रांगत होती. मास्तरांनी नुकतीच तिच्या हातातली दोरी सोडवून बाजूला केली होती. पोरीचा हात हवेत चाचपडत होता. ती जरा पुढे सरकली.

"जागा सोडू नकोस," मास्तर म्हणाले. "सोडलीस की संपलं. आधी एका हातानं जमीन धर. दुसऱ्यानं गोल शोध. घाई नाही."

पोरगी थांबली. जमिनीला एक हात टेकवून तिनं दुसरा हात हळूहळू फिरवला. एकदा काही नाही, दुसऱ्यांदा बोटांना दोरी लागली. ती खुदकन हसली आणि दोरी धरून नळाच्या, म्हणजे धड्यातल्या दाराच्या दिशेनं निघाली.

"भाऊजी."

मास्तर दचकून वळले. इतक्या वर्षांत तो शब्द त्यांच्या कानावर पडला नव्हता. दोरी धरलेली पोरगीही जागच्या जागी थिजली.

"ही जहाजात जाणार आहे ना?" भावजयीनं विचारलं. आवाजात राग नव्हता, त्याचीच मास्तरांना भीती वाटली.

"मी तिला म्हटलं होतं, आईला सांग..."

"इतकंच होतं?" ती दोरीकडे बघत होती. "ते तुम्ही त्यांना शिकवणार होता, ते इतकंच होतं?"

"हो. हेच पाण्यात करून बघायचं. चार दिवसांचं काम."

"मला वाटायचं काहीतरी मोठं शास्त्र असेल. नाहीतर नुसतं कार्डाचं ढोंग असेल." तिनं पिशवी खाली ठेवली. "ते होते तिथून दार किती लांब होतं?"

 खोटं बोलावं असं मास्तरांना फार वाटलं. पण या बाईनं इतक्या वर्षांनी तोंड उघडलं होतं, तिच्याशी खोटं कसं बोलणार?

"या पायरीपासून त्या नळापर्यंत आहे तेवढं," ते म्हणाले. "पाठ दाराकडे होती त्याची. उलटा वळला."

भावजयीनं नळाकडे पाहिलं. मग पायरीपाशी गेली आणि तिथून नळापर्यंत चालत आली. तिथं पोचायला तिला काही वेळ लागला नाही. नळावर हात ठेवून ती उभी राहिली आणि तिचा चेहरा एकदम पिळवटला.

"त्या रविवारी ते उठले होते, भाऊजी. चपला घालत होते. 'दादा वाट बघतोय, जाऊन बसतो एकदाचा,' म्हणाले. मी वरच्या खिडकीतून खाली पाहिलं. तुम्ही ही दोरी बांधत होता. आणि मी हसले. म्हटलं, कपडे वाळत घालायची दोरी धरून रांगणार का आता? एका मुलीचे बाप आहात, शेजारी काय म्हणतील! तेही हसले. चपला काढून ठेवल्या आणि परत झोपले." तिनं पदर तोंडात दाबून धरला. "तुम्हाला बोल लावला तेव्हा हे मला ठाऊक होतं. मी हसले होते, भाऊजी. मी हसले."

 इतकी वर्षं ज्याला मास्तर आडमुठा म्हणून मनातल्या मनात शिव्या घालत होते, तो यायला निघाला होता. चपला घातल्या होत्या त्यानं. ते तिथंच अंगणात बसले.

"हसण्यासारखंच दिसतं गं ते," ते म्हणाले. "मला शिकवलं तेव्हा मीही हसलो होतो."

भावजय नळाला धरून मोठ्यानं रडली, त्या पहिल्या दिवशीसुद्धा रडली नव्हती तशी. पोरीच्या डोळ्यांवरचं फडकं भिजून काळं झालं होतं, पण तिनं ते काढलं नव्हतं. काकांनी अजून काढ म्हटलं नव्हतं.

"पुरं शिकवा तिला," भावजय रडता रडता म्हणाली. "मी इथंच बसते."