सटाण्याच्या मोटारीचा धूर

नोकरीत प्रकरणं पुष्कळ हाताळली, पण हे एक मी अजून विसरलेलो नाही. सन तीसच्या पुढची गोष्ट. मी तेव्हा नाशिकला फौजदार होतो.

सकाळची हजेरी आटोपते तोच सुकी मासळी विकणारी एक कोळीण ठाण्यात आली. तिचा भाऊ किनाऱ्यावर मासेमारीच्या एका मोटारलाँचवर तांडेल होता, म्हणजे लाँच त्याच्याच हुकमावर चाले. लाँचचं जाडं तेल चोरून विकल्याच्या आरोपावरून तो कच्च्या कैदेत पडला होता. बाईचं म्हणणं असं, की सटाण्याच्या सर्व्हिस मोटारीच्या काळ्या धुराला त्याच तेलाचा वास येतो. जमादार हसला. मी विचारलं, खात्री आहे का?

"साहेब, भावाच्या लाँचच्या धुरात माजी लुगडी काळी झाली. तो वास मी चुकायची नाय."

मासळी विकणाऱ्या बाईचं नाक सहसा फसत नाही. मी दोन पंच घेऊन मोटारस्टँडवर गेलो.

ड्रायव्हर म्हणाला, इंजिन जुनं, धूर येणारच. मागे बसलेले उतारू तोंडाला पदर-उपरणी लावून खोकत होते. मी पंचांसमक्ष टाकी रिकामी करवली, पंपावरचं पेट्रोल भरलं आणि मोटार चालू करायला लावली. थोड्या वेळाने धूर जवळजवळ थांबला. तसा पंचनामा केला.

ड्रायव्हरला ठाण्यात बाकावर बसवलं. हात उगारला नाही. पंचनामा तेवढा दोनदा वाचून दाखवला. दुपारी तो बोलला.

"पेट्रोलात तेल मी मिसळलं साहेब, पण चोरलं नाय. लाँचमालकाचा कारकून मासळीच्या लॉरीतून डबे धाडतो."

मोटारीच्या गॅरेजमध्ये लाँचमालकाच्या शिक्क्याचे डबे निघाले. मी किनाऱ्यावरच्या ठाण्याला तार केली. तिथल्या चौकशीत उघड झालं, की लाँचचं इंजिन फार तेल खातं असं मालकाला सांगून कारकून डबे पळवत होता. बोभाटा झाला तेव्हा त्याने आळ तांडेलावर ढकलला होता.

तांडेल सुटला आणि बहिणीला घेऊन ठाण्यात आला. आभार मानायला आला असेल, असं मला वाटलं.

"साहेब, मी चोर नाय असं कागदावर लिवून द्या. गावात वाचून दाखवायचंय."

असा दाखला देण्याची तरतूद नव्हती. तरी मी स्वतः लिहिला, सही केली, ठाण्याचा शिक्का मारला.

गुन्हेगार सापडला की तपास संपला, असं मी तोवर समजत होतो. ज्याच्यावर खोटा आळ आला त्याची अब्रू त्याच्या हाती परत देणं, हेही पोलिसाचंच काम आहे, हे त्या दिवशी कळलं. सह्या मी हजारो कागदांवर केल्या. अभिमान वाटावा अशी ती एक.